बुद्धीचे माप कुणाच्या हाती?

बुद्धी रक्तातून येते, ती ज्याच्या घरात असते त्याच्याच घरात राहते, हे विधान आपल्या समाजात इतक्या सहजपणे केले जाते की ते सिद्ध झालेले सत्य नाही, याचाच विसर पडतो. वर्णव्यवस्थेने हेच विधान शतकानुशतके धर्माच्या भाषेत केले. तिने ज्ञानाचा अधिकार जन्मावर ठरविला, आणि ज्यांना ज्ञानापासून तोडले त्यांनाच पुढे अज्ञानी म्हणून हिणविले. आज धर्माची ती भाषा उघडपणे वापरता येत नाही. तिच्या जागी 'गुणवत्ता', 'मेरिट', 'आय. क्यू.' हे शब्द आले आहेत. राखीव जागांचा विषय निघाला की हे शब्द हमखास बाहेर पडतात आणि त्यांच्या पाठीशी विज्ञान उभे आहे असा आव आणला जातो. म्हणून बुद्धीविषयी विज्ञानाने खरोखर काय शोधले आहे, हे चळवळीतल्या कार्यकर्त्याने, शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने स्वतः तपासून घेतले पाहिजे. प्रस्थापितांच्या हातातले हत्यार म्हणून विज्ञानाकडे पाठ फिरविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केले तर हत्यार त्यांच्याच हाती राहील.

ही तपासणी हवेत करण्यापेक्षा आपण एक गाव समोर ठेवू. पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात उधवा हे गाव आहे. गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या हद्दीकडचा हा मुलूख. तालुक्यातील दहांपैकी सुमारे नऊ माणसे आदिवासी आहेत आणि त्यांत वारली समाज मोठा आहे. येथल्या वारली मुलाच्या घरात वारली बोली, शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी आणि बाजारात गुजराती-हिंदी. सहा वर्षांचे पोर पहिलीच्या वर्गात येते तेव्हा गुरुजींचा प्रश्न त्याला कळत नाही. ते गप्प बसते. गप्प बसलेल्या पोराला 'मठ्ठ' म्हणायला फारसा वेळ लागत नाही, आणि एकदा चिकटलेला हा शब्द ते शाळा सोडीपर्यंत त्याच्या मागे चालत राहतो. त्या गप्प बसण्याला 'बुद्धी कमी' असे नाव देण्याचा अधिकार विज्ञान कुणाला देते काय, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

कसोटी कशासाठी जन्मली?

बुद्धिमापनाचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमली. सक्तीच्या शिक्षणामुळे सगळी मुले शाळेत येऊ लागली होती आणि काही मुले मागे पडत होती. अशा मुलांना शोधून त्यांना अधिक मदत कशी देता येईल, हा समितीपुढचा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली तीस लहानलहान कृतींची एक कसोटी तयार केली. दिव्याच्या हालचालीमागे नजर फिरविणे, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, वस्तूंची नावे सांगणे, दोन गोष्टींतला फरक सांगणे, अशा त्या कृती होत्या. १९०८ च्या सुधारित कसोटीत 'मानसिक वय' ही कल्पना आली.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधीही न वाढणारी वस्तू आहे असे बिने मानत नव्हते. असे मानणाऱ्यांचा त्याने १९०९ साली आपल्या पुस्तकात निषेध केला आणि सरावाने व योग्य शिक्षणाने मुलाची आकलनशक्ती वाढते असे बजावले. बिने १९११ साली वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीतील विल्यम स्टर्न याने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले. १९१६ साली अमेरिकेतील लुईस टर्मन याने त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. मदतीसाठी केलेली यादी अशा रीतीने माणसाच्या कपाळावर मारायचा आकडा झाली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची बुद्धी तपासली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी एक कसोटी आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची दुसरी. पहिल्या कसोटीत अमेरिकन बाजारातल्या एका वनस्पती तुपाचे नाव देऊन ते औषध आहे, जंतुनाशक आहे, दंतमंजन आहे की खाद्यपदार्थ, असे विचारले होते. दुसरीत टेनिसच्या मैदानाचे चित्र होते आणि त्यात राहून गेलेली जाळी काढायची होती. इटली आणि पोलंडमधून नुकताच आलेला शेतमजूर टेनिस कुठे बघणार? तरीही या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम याने १९२३ साली पुस्तक लिहून दक्षिण आणि पूर्व युरोपातील लोकांची बुद्धी कमी असल्याचे जाहीर केले. त्या काळच्या वंशवादी प्रचाराला या पुस्तकाचा आधार मिळाला आणि १९२४ साली त्या देशांतून येणाऱ्यांची संख्या तोडणारा कायदा अमेरिकेत झाला. १९३० साली ब्रिगमने आपले निष्कर्ष निराधार असल्याचे लिहून दिले, पण कायदा जागच्या जागी राहिला. १९२७ साली तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरविलेल्या स्त्रीची सक्तीने नसबंदी करण्यास मान्यता दिली होती. आकडा चुकला तर त्याची किंमत आकडा मांडणारा कधी देत नाही.

इंग्लंडमधील सिरिल बर्ट याचे उदाहरणही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. बुद्धी बव्हंशी अनुवंशिक असते हे सिद्ध करण्यासाठी त्याने वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्या भावंडांची आकडेवारी दिली होती. तो १९७१ साली वारला. त्यानंतर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन कॅमिन याने ती आकडेवारी तपासली, तेव्हा जुळ्यांच्या जोड्या एकवीसवरून त्रेपन्नापर्यंत वाढल्या तरी त्यांच्यातील सहसंबंधाचा आकडा दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तोच राहिलेला आढळला. खऱ्या मोजणीत असे होत नसते. १९७९ साली बर्टचे अधिकृत चरित्र लिहिणाऱ्या लेस्ली हर्नशॉ यानेही बर्टने आकडे बनविले असल्याचा निष्कर्ष काढला.

अनुवंश आणि शेत

मग अनुवंशाचा बुद्धीशी काहीच संबंध नाही काय? असे म्हणणे शास्त्रीय होणार नाही. बर्टला बाजूला ठेवून झालेल्या नंतरच्या अभ्यासांतूनही कसोटीतल्या गुणांमधील व्यक्तिव्यक्तींच्या फरकात अनुवंशाचा वाटा दिसतो. परंतु एका समूहातील दोन व्यक्तींमधला फरक आणि दोन समूहांमधला फरक या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. प्रस्थापितांची सगळी लबाडी हा भेद पुसण्यात आहे. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली हा मुद्दा बियाण्याच्या उदाहरणाने मांडला. तो आपल्या शेतात आणून पाहू.

भाताच्या एकाच पोत्यातले मिश्र बियाणे घेतले. एक मूठ राब भाजलेल्या, पाणी धरणाऱ्या खाचरात टाकली आणि दुसरी मूठ डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत. खाचरात सगळ्या रोपांना सारखेच पाणी, सारखेच खत. तिथे एक रोप उंच आणि एक बुटके राहिले तर तो फरक बियाण्याचा. वरकस जमिनीतही तसेच. पण खाचरातले पीक कमरेएवढे आणि वरकसातले गुडघ्याएवढे, हा फरक कशाचा? बियाणे तर एकाच पोत्यातले. तो फरक संपूर्णपणे जमिनीचा आणि पाण्याचा. म्हणजे प्रत्येक शेतातला फरक अनुवंशाचा असूनही दोन शेतांमधला फरक अनुवंशाचा मुळीच नसू शकतो. उधव्याचा मुलगा आणि दादरच्या फ्लॅटमधला मुलगा यांच्या गुणांतला फरक पाहून जो बियाण्याला दोष देतो, त्याने आधी खाचराचे पाणी कोणी अडविले ते सांगावे.

पाणी सोडले तर काय होते, याचाही पुरावा आहे. न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली चौदा देशांची आकडेवारी मांडली. एका पिढीत या देशांतील सरासरी बुद्ध्यंक पाच ते पंचवीस गुणांनी वाढला होता. जनुके एका पिढीत बदलत नाहीत. बदलले ते शिक्षण, आहार, आरोग्य आणि कामाचे स्वरूप. २०१८ साली स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांहून अधिक व्यक्तींवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा शाळेचे एकेक जादा वर्ष बुद्ध्यंकात एक ते पाच गुणांची भर घालते असे आढळले. ज्यांना हजारो वर्षे शाळेचे एकही वर्ष मिळाले नाही, त्यांचा हिशेब यावरून ज्याने-त्याने करावा.

महाराष्ट्रातील मोजमाप

आपल्याकडे बुद्धिमापनाचे काम मराठी मुलांपर्यंत आले ते व्ही. व्ही. कामत यांच्यामुळे. त्यांनी बिनेची कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतरित केली आणि १९४० साली त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. 'बिने-कामत' या नावाने ही कसोटी आजही मुलांच्या बौद्धिक अपंगत्वाच्या तपासणीत वापरली जाते. १९५५ साली चंद्रमोहन भाटिया यांनी साक्षर आणि निरक्षर अशा दोन्ही मुलांना देता येईल अशी, ठोकळे, आकृत्या आणि चित्रे यांची पाच भागांची कसोटी केली. नागपूरला काम करणाऱ्या ए. जे. मलीन यांनी वेक्सलरच्या अमेरिकन कसोटीचे भारतीय रूप तयार केले, ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि कसोट्यांनी निवडलेल्या बुद्धिमान मुलांना निराळे शिक्षण देण्याचा प्रयोग केला.

या माणसांचे परिश्रम नाकारण्याचे कारण नाही. परदेशी कसोटी जशीच्या तशी लादण्यापेक्षा ती आपल्या भाषेत आणणे हे पुढचेच पाऊल होते. परंतु भाषांतर केल्याने कसोटीमागचे जग बदलत नाही. कामतांचे पुस्तक आले त्याच्या एकच वर्ष आधी, १९३९ साली, मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी प्रांतातील आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला होता. जमीनदार, सावकार आणि जंगलचे ठेकेदार यांच्याकडे आदिवासींना वेठीने कसे राबावे लागते, ते सरकारी कागदावर आले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी लग्नगडी होऊन नवराबायकोने धन्याकडे राबायचे, ही तलासरी-डहाणूची रीत होती. १९४५ साली झरी गावच्या सभेतून आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून वारल्यांनी ही वेठ मोडली. पुण्यामुंबईच्या शाळेत पोराचा बुद्ध्यंक काढला जात होता, त्या काळात वारल्याचे पोर धन्याची गुरे राखीत होते. ते कसोटीच्या टेबलापर्यंत पोचलेच नव्हते. आणि ज्यांना निरक्षर, भोळसट, मंद म्हटले जात होते त्यांनीच लाल बावट्याखाली एकत्र येऊन शतकांची गुलामी संपविली. ही बुद्धी कोणत्या रकान्यात भरायची?

शहाणा कसे करील, मूर्ख कसे करील?

कसोटी आपल्यासोबत मापणाऱ्याचे जग घेऊन येते, हे संशोधकांनीच दाखवून दिले आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया याने १९३१-३२ साली उझबेकिस्तानात निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, ओंडका आणि कुऱ्हाड यांची चित्रे दाखवून वेगळी वस्तू कोणती ते विचारले. अपेक्षित उत्तर होते ओंडका, कारण बाकीची अवजारे. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, चारही एकत्रच लागतात. ओंडका नसेल तर करवत काय कामाची? पश्चिम आफ्रिकेत लायबेरियातील क्पेले लोकांतही अमेरिकन संशोधकांना असाच अनुभव आला. त्यांनी अन्न आणि अवजारे यांचे गट करायला सांगितले तर माणसे सुरी फळाशेजारी ठेवीत, कारण सुरीने फळ कापतात. शहाणा माणूस असेच करील, असे ती सांगत. शेवटी संशोधकाने विचारले, मग मूर्ख माणूस कसे करील? तेव्हा त्यांनी झटकन अन्न एकीकडे आणि अवजारे एकीकडे असे गट करून दाखविले. म्हणजे पुस्तकी वर्गीकरण त्यांना येत होते. त्यांना ते शहाणपणाचे वाटत नव्हते, इतकेच.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना ही मुले जवळजवळ सगळे हिशेब बरोबर करीत. तेच हिशेब शाळेच्या पद्धतीने कागदावर आकडेमोड म्हणून दिले की शंभरांत सदतीसच बरोबर येत. आपल्या देशातही असा अभ्यास झाला आणि तो २०२५ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुले त्यात होती. बटाटा-कांद्याचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणाऱ्या या मुलांना शाळेच्या स्वरूपातले तेवढेच सोपे गणित सुटेना. उलट जवळच्या शाळांतील, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना कागदावरचे सोपे गणित येई, पण बाजारातला हिशेब दिला की त्यांची दाणादाण उडे. दोन्हीकडे बुद्धी होती आणि दोन्हीकडे शाळा तोकडी पडली होती. मात्र आपल्या व्यवस्थेत एकाच तोकडेपणाला 'नापास' असा शिक्का आहे.

डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण या मुलखातील सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा कित्येक वर्षे बोललाच नाही. मातीत रेघा ओढून तो आपले म्हणणे सांगे. तोंडी प्रश्नांच्या कसोटीत त्याला शून्य गुण मिळाले असते. याच माणसाने वारली स्त्रियांनी लग्नाच्या चौकात जपलेली रेषा जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले.

गिबन, हत्ती आणि हान्स

प्राण्यांच्या बुद्धीवरचे संशोधन आपल्या विषयापासून दूरचे वाटेल. पण मापणाऱ्याची चूक सगळ्यात स्पष्ट दिसते ती येथेच. गिबन नावाची झाडावर राहणारी वानरे दोरी ओढून अन्न मिळविण्याच्या प्रयोगात नापास होत. चिंपांझी पास होत. गिबन मंद, असा शेरा बसला. १९६७ साली बेंजामिन बेक याने त्यांच्या हातांकडे पाहिले. फांद्यांना लोंबकळण्यासाठी घडलेल्या त्या लांब बोटांना सपाट जमिनीवरची दोरी उचलताच येत नव्हती. त्याने दोरी खांद्याच्या उंचीवर टांगली आणि गिबन पास झाले. हत्तीचेही तसेच. काठीने अन्न ओढण्याच्या प्रयोगात तो अपयशी ठरे, कारण सोंडेत काठी धरली की ज्या नाकाने तो अन्न हुंगतो तेच अडते. २०११ साली वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील कंडुला नावाच्या हत्तीला ठोकळा दिला, तेव्हा त्याने तो ढकलत नेला, त्यावर पाय ठेवले आणि उंचावरचे फळ काढले. प्राण्याची बुद्धी पहिल्यापासून तेवढीच होती. बदल झाला तो संशोधकाच्या दृष्टीत. जे सौजन्य विज्ञानाने माकडाला आणि हत्तीला दाखविले, ते आपली शाळा वारल्याच्या पोराला केव्हा दाखविणार?

दुसरी गोष्ट जर्मनीतील हान्स नावाच्या घोड्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी हा घोडा बेरीज-वजाबाकी करतो म्हणून गाजला होता. उत्तराइतक्या टापा तो आपटी. ऑस्कर फुंग्स्ट याने १९०७ साली कोडे उलगडले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सलाही ते येत नसे. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेची नकळत सूक्ष्म हालचाल होई आणि घोडा ती ओळखून थांबे. मापणाऱ्याची अपेक्षा मापल्या जाणाऱ्यापर्यंत पोचते, हा येथला धडा. १९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथल आणि केर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना सारखेच उंदीर दिले, पण काहींना सांगितले की तुमचे उंदीर हुशार जातीचे आणि काहींना सांगितले की तुमचे मंद जातीचे. चक्रव्यूहात 'हुशार' उंदीरच वरचढ ठरले.

हाच चक्रव्यूह पुढे आपल्या देशात मुलांसमोर आला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत अकरा-बारा वर्षांच्या, सवर्ण आणि दलित अशा दोन्ही मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. हा अभ्यास २००४ ते २००६ या काळात प्रसिद्ध झाला. मुलांची जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी सारखी होती. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारली गेली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली आणि मोठी तफावत उभी राहिली. ओळखीच्या दडपणाचे असे परिणाम किती व्यापक असतात, यावर जगात वाद चालू आहे. काही प्रयोग पुन्हा केले असता परिणाम कमी दिसले. तो वाद शास्त्राच्या रीतीने चालू राहावा. पण वर्गात जात पुकारली जाणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या निष्कर्षाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

भूक आणि अंगण

मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. आईच्या पोटात असल्यापासून पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याची मोठी वाढ होते. त्या काळात अन्न, लोह, आयोडीन मिळाले नाही तर ती वाढ खुंटते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. मेलेल्या मुलांची मोजणी झाली. जी मुले जगली पण अर्धपोटी वाढली, त्यांच्या आकलनशक्तीचे काय झाले, हे मात्र गुणपत्रिकेत 'अनुत्तीर्ण' या शब्दाखाली गाडले गेले. भुकेने केलेल्या जखमेला 'उपजत' म्हणणे हे विज्ञान नव्हे.

याच डहाणू तालुक्यात एक वेगळा मार्गही दिसला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबादच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष देण्याऐवजी त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरविल्या. मॉन्टेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी खडे, पाने, बिया, शिंपले वापरले. तीच मुले शिकू लागली. अंगणवाडी ही कल्पना येथे रुजली आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून हा शब्द देशभर गेला. सुधारणावादाच्या मर्यादा या कामालाही होत्या. जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न बालवाडीने सुटत नाही. पण दोरी जमिनीवर न ठेवता खांद्याच्या उंचीवर टांगण्याचेच हे काम होते.

यंत्राची बुद्धी आणि हाताची बुद्धी

आता यंत्राकडे वळू. ब्रिटिश गणिती अॅलन ट्युरिंग याने १९५० साली, यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न मांडला. १९९७ साली एका संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरविले. २०२२ च्या नोव्हेंबरपासून तर माणसासारखे लिहिणारी, उत्तरे देणारी यंत्रे सर्वसामान्यांच्या हाती आली. या यंत्रांची रीत थोडक्यात अशी : त्यांना प्रचंड प्रमाणात लिखित मजकूर पुरविला जातो आणि आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता यावा, याचा अंदाज ती करीत राहतात. चुकलेल्या अंदाजातून आतील आकडे दुरुस्त होत जातात.

या इतिहासातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. बुद्धिबळ, गणिते, पाठांतर यांत यंत्र लवकर तरबेज झाले; पण चिखलात वाकून भाताचे रोप लावणे, पिकलेला चिकू न दुखावता उतरविणे, ताडावर चढणे, रडते मूल उगी करणे, ही कामे त्याला फार अवघड जातात. यंत्रशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक याने १९८८ सालीच हे नमूद केले होते. आपल्या समाजव्यवस्थेने नेमकी याच्या उलट उतरंड रचली. पाठांतर करणारा बुद्धिमान आणि हाताने काम करणारा बुद्धिहीन! चामडे कमावणाऱ्या, बांबू विणणाऱ्या, रोप लावणाऱ्या हातांत डोळा, स्पर्श, तोल आणि निर्णय यांची केवढी बुद्धी असते, हे आज यंत्राच्या अपयशाने सिद्ध होत आहे. श्रमाला बुद्धीपासून तोडणे ही जातिव्यवस्थेची करामत होती. निसर्गात अशी फारकत नाही.

दुसरीकडे, यंत्र हाच नवा परीक्षक होऊ पाहत आहे. अर्ज छाननारे, चेहरे ओळखणारे यंत्र तटस्थ असते असे सांगितले जाते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरांत एकाहूनही कमी, तर काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्रणेत शंभरांत जवळजवळ पस्तीस. यंत्राला ज्यांचे चेहरे दाखविले होते, त्यांनाच ते नीट ओळखत होते. मजकुराचेही तसेच. ज्यांना लिहिण्याचा अधिकार होता त्यांचे जग त्या मजकुरात भरलेले आहे. ज्यांना तो नाकारला गेला त्यांचे नाही, किंवा त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेले आहे. वारली बोलीत छापलेला मजकूर तो किती! म्हणजे उधव्याचे पोर मानवी गुरुजीपुढे गप्प बसले तसे उद्या यंत्रापुढेही गप्प बसेल, आणि यंत्राचा शेरा तर अधिकच निःपक्षपाती मानला जाईल.

गुणवत्तेचा अर्थ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याकडे शिकले, त्या जॉन ड्युई यांनी १९२२ साली बुद्धिमापनावरून माणसांच्या प्रती लावण्याच्या प्रवृत्तीवर कडाडून टीका केली होती. बाबासाहेबांनी स्वतः १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या निबंधात, जातिव्यवस्था म्हणजे उत्तम वंश राखण्याची शास्त्रीय योजना आहे, हा दावा फेटाळून लावला. मंडल आयोगाने डिसेंबर १९८० मध्ये सादर केलेल्या अहवालात लल्लू आणि मोहन या दोन मुलांचे उदाहरण देऊन हेच सांगितले की, सुखवस्तू घरातल्या मुलाचे जादा गुण हे केवळ त्याच्या बुद्धीचे नसतात. घर, शाळा आणि परिस्थिती यांची देणगी त्यांत मिसळलेली असते. शंभर वर्षांचे संशोधन या भूमिकेच्या बाजूने उभे आहे.

तेव्हा आपल्या कामाची दिशा स्पष्ट होते. कसोटी ही मदतीची गरज शोधण्यापुरती वापरावी, मुलाची प्रत लावण्यासाठी नव्हे. पहिल्या इयत्तांत पोराच्या बोलीतून शिकवावे आणि तेथून प्रमाण मराठीकडे न्यावे. बाजारातला हिशेब फळ्यावर आणावा आणि फळ्यावरचा हिशेब बाजारात. आहार आणि शाळा यांचे लढे वेगळे मानू नयेत. कसोटी असो वा यंत्र, तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत : हे कोणी केले, कोणावर पारखले आणि याच्या निकालाने कोणाचे काय जाणार? आणि शेवटचे, या विषयाचे संशोधक आपल्यातून निर्माण झाले पाहिजेत. आजवर आपण मोजले गेलो. उधव्याच्या शाळेत आज गप्प बसलेल्या मुलीने उद्या माप हाती घेतले पाहिजे, आणि पहिल्यांदा तपासली पाहिजे ती मापाचीच खूण.